पडद्यावर कायम मरणारा माणूस : इलायशा कुक ज्युनिअर

बाल्कनीतला

जुन्या अमेरिकन ब्लॅक अँड व्हाइट गुन्हेपटांचा नाद असलेल्या कुणालाही हा चेहरा दाखवा, "अरे, हा होय!" म्हणेल. नाव विचारलंत की डोकं खाजवेल. किरकोळ अंगकाठी, मोठाले भेदरलेले डोळे, पातळ आवाज, आणि चित्रपट संपायच्या आत मरण्याची जवळजवळ हमी. इलायशा कुक ज्युनिअर.

नायकांवर इथे चर्चेचे धागे निघतात, दिग्दर्शकांवर तर निघतातच. याच्यावर कुणी काढेल असं वाटत नाही म्हणून मीच बसलो. पुढे सगळीकडे रहस्यभेद आहे. सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या चित्रपटांचा शेवट सांगितला म्हणून भांडायला येऊ नये.

चरित्र थोडक्यात. जन्म २६ डिसेंबर १९०३, सॅन फ्रान्सिस्को. वाढला शिकागोत. पोरवयातच व्होडव्हिलमध्ये शिरला, म्हणजे गाणी, नकला, कसरती असं सगळं एकाच तिकिटात दाखवणारे खेळ. तिथून न्यूयॉर्कची नाटकं. १९३३ साली युजीन ओ'नीलच्या 'आह, विल्डरनेस!' या नाटकात त्याला रिचर्ड मिलर मिळाला: कविता वाचून डोकं फिरलेला, प्रेमात पडलेला पोरगा. बापाच्या भूमिकेत जॉर्ज एम. कोहान, ब्रॉडवेवरचं तेव्हाचं फार मोठं प्रस्थ. पोरगा म्हणून उभा राहिलेला कुक स्वतः तिशीला टेकला होता. १९३५ मध्ये एमजीएम स्टुडिओने त्याच नाटकावर चित्रपट काढला तेव्हा ही भूमिका एरिक लिंडनकडे गेली. कुक हॉलिवूडमध्ये स्थिरावला तो पुढच्या वर्षापासून, आणि पुढची पन्नासेक वर्षं तिथे काम करत राहिला. ऑस्करचं साधं नामांकनही कधी मिळालं नाही.

या गड्याचं १९४१ साल बघा. 'लव्ह क्रेझी'त लिफ्टवाला. 'सार्जंट यॉर्क'मध्ये पियानोवाला. 'बॉल ऑफ फायर'मध्ये वेटर, तोही श्रेयनामावलीत नाव नसलेला. 'आय वेक अप स्क्रीमिंग'मध्ये टेलिफोनच्या स्विचबोर्डवर बसणारा. हॉटेलात, इमारतीत, गुत्त्यात ज्यांच्याकडे आपण बघतसुद्धा नाही अशी सगळी माणसं एकट्याने करून टाकली. आणि त्याच वर्षी 'द माल्टीज फाल्कन'.

जॉन ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट, डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरून. कुक त्यात विल्मर, म्हणजे जाड्या गटमनचा (सिडनी ग्रीनस्ट्रीट) हस्तक. मोठा ओव्हरकोट आणि त्यात दोन पिस्तुलं. सगळे त्याला 'पोरगा' म्हणतात. चित्रीकरण चाललं तेव्हा हा पोरगा सदतीस वर्षांचा होता आणि चित्रपटाचा नायक हम्फ्री बोगार्ट एक्केचाळीसचा. बोगार्टचा वाढदिवस नाताळचा, याचा दुसऱ्या दिवशीचा. दोघांत चार वर्षं आणि एका दिवसाचं अंतर, पण पडद्यावर एक पिढी मध्ये गेल्यासारखं वाटतं.

विल्मर तोंडाने फार तिखट. धमक्या अशा देतो की जणू गल्लोगल्ली मुडदे पाडून आलाय. मग हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये बोगार्ट मागून त्याचा कोट दंडांपर्यंत खाली ओढतो. हात अडकतात, दोन्ही पिस्तुलं गेली. बोगार्ट ती गटमनच्या हातात देतो आणि वर सांगतो की एका लंगड्या पेपरवाल्याने याच्याकडून काढून घेतली होती, मी परत मिळवून दिली. तेव्हा विल्मरचा चेहरा बघा. शाळेत सगळ्यांसमोर चड्डी ओढली गेलेल्या मुलाचा चेहरा असतो तो. फक्त हा मुलगा खरोखर खून करू शकतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

शेवटाकडे त्याला बळीचा बकरा करायचं ठरतं. पोलिसांना कुणीतरी द्यायला हवा. गटमन म्हणतो, मी याला पोटच्या पोरासारखं मानतो, पण पोर गेलं तर दुसरं मिळतं, ससाण्याची मूर्ती (जिच्यामागे सगळे लागलेत ती) एकच आहे. विल्मर बेशुद्ध पडलेला असतो. शुद्धीवर येतो आणि आजूबाजूला बघतो तेव्हा ह्यूस्टन एकामागून एक चेहरे दाखवतो, सगळे त्याच्याकडे टक लावून बघणारे. कुणी काही बोलत नाही. त्याला कळतं. इतकंच.

आता माझा मुद्दा. आपण खलनायकाला घाबरतो ते खलनायकाच्या अभिनयामुळे, असा आपला समज असतो. मला वाटतं ती भीती समोरचा नट तयार करतो. मारणाऱ्याने नुसतं उभं राहिलं तरी चालतं, काम मरणाऱ्याला असतं. याचा पुरावा 'शेन' (१९५३).

दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. जमीन कसणारे गरीब शेतकरी विरुद्ध गुरांचे कळप बाळगणारा धनदांडगा. धनदांडग्याने भाड्याने आणलेला बंदूकबाज विल्सन, म्हणजे जॅक पॅलन्स. कुक हा टोरी, दक्षिणेकडून यादवी युद्ध लढून आलेला, बढाईखोर, पटकन तापणारा. गावात येतो तेव्हा पाऊस पडून रस्त्याचा राडा झालेला. विल्सन वरती लाकडी फळ्यांच्या कोरड्या ओट्यावरून सावकाश चालतोय, टोरी खाली चिखलातून घसरत, तोल सावरत त्याच्या बरोबरीने. एकाचे पाय ठाम, दुसऱ्याचे धड उभे राहत नाहीत. विल्सन दक्षिणेच्या सेनापतींना कचरा म्हणतो. टोरीला माघार घेता येत नाही. तो शिवी देतो. विल्सन म्हणतो, सिद्ध कर. टोरीचं पिस्तूल अर्धवट बाहेर येतं आणि विल्सनचं आधीच रोखलेलं असतं.

आणि मग तो थांबतो. दोघांनाही माहीत आहे की संपलं. त्या क्षणात कुकच्या तोंडावर काय काय येऊन जातं ते लिहून सांगणं मला जमणार नाही. मग गोळी, आणि टोरी उडून मागे चिखलात. पॅलन्सला त्या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळालं (पुरस्कार फ्रँक सिनात्राने नेला). माझ्या मते त्या नामांकनाचा अर्धा वाटा चिखलात उताणा पडलेल्या माणसाचा होता.

'द किलिंग', 'द बिग स्लीप', 'फँटम लेडी' मुद्दाम प्रतिसादांसाठी ठेवलेत. या.

रातकिडा

'द किलिंग'मधला बायकोकडून बोलणी खाणारा तो ना? इतके वेळा पाहिलाय, नाव आज कळलं. पुढील लेखनाला शुभेच्छा.

ध्वनिवेडा

'शेन'मधल्या त्या गोळीबद्दल थोडं तांत्रिक. गोळी लागली की माणूस छातीवर हात ठेवून हळूच गुडघ्यावर बसतो, ही तोवरची वेस्टर्नमधली, म्हणजे घोडे-बंदुकांच्या अमेरिकन चित्रपटांतली रीत. स्टीव्हन्सला ती नको होती. तो दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या चित्रीकरण पथकाचा प्रमुख होता, नॉर्मंडीपासून डाखाउच्या छळछावणीपर्यंत सगळं त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. गोळी लागलेला माणूस कसा पडतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून कुकला कपड्यांच्या आतून पट्टा बांधला, त्याला तार जोडली आणि गोळी सुटताक्षणी मागून हिसका देऊन ओढला. आज प्रत्येक मारधाडीच्या चित्रपटात हे होतं, तेव्हा प्रेक्षक दचकले.

आणि आवाज! चित्रपटात तोपर्यंत बंदुका फार कमी वाजतात. जिथे वाजतात तिथे तोफ डागल्यासारख्या. साध्या पिस्तुलाचा आवाज तसा येत नाही, त्यासाठी खरोखरच तोफेचा बार वापरला होता. दिग्दर्शक सॅम पेकिनपा म्हणायचा की पॅलन्सने कुकला गोळी घातली तिथून वेस्टर्न बदलले. पुढे १९७३ मध्ये 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' करताना पेकिनपाने कुकलाही छोटं काम दिलं. ऋण फेडलं म्हणायचं.

त्यानंतरचा अंत्यविधीचा प्रसंगही विसरू नका. टोरीचा कुत्रा शवपेटीवर पंजे मारत राहतो. बढाईखोर, जरासा हास्यास्पद माणूस मेला तर त्याच्यासाठी इतका वेळ कोण देतं चित्रपटात?

सोनचाफा_७७

मी 'द किलिंग' घेते. १९५६, स्टॅन्ली कुब्रिक, तेव्हा विशीतलाच होता. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दरोडा. कुक म्हणजे जॉर्ज पीटी, तिथला खिडकीमागचा कॅशिअर. बायको शेरी, मेरी विंडसर. ती त्याच्याहून चांगली उंच, आणि कुब्रिक ते लपवत नाही, उलट वापरतो. घरातले दोघांचे प्रसंग मी पुन्हा पुन्हा बघते. ती सोफ्यावर पसरून एकेक वाक्य सुईसारखं टोचते आणि तो प्रत्येक वाक्याला असा चेहरा करतो की कदाचित यावेळी तिला खरंच काही प्रेमाचं म्हणायचं असेल.

बऱ्याच ठिकाणी शेरीला नुसती विषकन्या म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लग्नाच्या वेळी जॉर्जने तिला मोठ्या श्रीमंतीची स्वप्नं दाखवलेली असतात, आणि पाच वर्षांनी ती एका कोंदट फ्लॅटमध्ये पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी बसून असते. कुकची खुबी ही की तो जॉर्जला बिच्चारा करत नाही. तिला खूश करायला म्हणून तो दरोड्याची गोष्ट तिच्याजवळ फोडतो, यात त्याचा स्वतःचा फुशारकीचा वाटा आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. तिथेच सगळ्यांचं मरण ठरतं, कारण ती ते आपल्या यारापर्यंत पोचवते.

शेवटी तोंडाची चाळण झालेली, रक्ताने माखलेला जॉर्ज घरी येतो, तिला गोळी घालतो आणि पिंजऱ्यासकट कोसळतो. तीही मरताना टोमणाच मारते.

आता गंमत. १९७९ मध्ये स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची टीव्ही मालिका निघाली. त्यात एका बोर्डिंग हाउसची मालकीण मेरी विंडसर, आणि तिथेच राहणारा, एके काळचा तिचा माणूस, आता दारुडा, इलायशा कुक. तेवीस वर्षांनी तीच जोडी. ज्याने पात्रं निवडली त्याला दंडवत.

कोपऱ्यावरचा_वकील

लेख वाचनीय, पण थोडं पाणी ओततो. हा माणूस एकाच सुरात गायचा. भेदरलेला, चिडका, शेवटी मेलेला. एकदा बरं वाटतं, वीस वेळा नाही. त्याच 'फाल्कन'मध्ये पीटर लॉरी आहे. लॉरीने जर्मनीत 'एम'मध्ये बालहत्यारा केला, हॉलिवूडमध्ये जपानी गुप्तहेर केला, शेवटी शेवटी विनोदी भयपट केले. त्याच्यापुढे कुक म्हणजे ठरावीक साच्यातलं काम वेळेवर देणारा कारागीर. कारागीर असण्यात वाईट काही नाही, पण धाग्याचा सूर 'अन्याय झालेला महान नट' असा लागतोय, तो पटला नाही.

शिवाय 'मारणाऱ्याने नुसतं उभं राहायचं' हे वाक्य टाळ्या घेणारं असलं तरी खरं नाही. पॅलन्सने घोड्यावरून उतरतानाची ती संथ हालचाल कमावलेली आहे. नुसता उभा नाही तो.

बाल्कनीतला

वकीलसाहेब, पॅलन्सबद्दल मान्य, तो नुसता उभा नाही. पण साच्याबद्दल थोडा युक्तिवाद करू द्या.

'द बिग स्लीप' (१९४६). हॉवर्ड हॉक्सचा चित्रपट, ज्याची गोष्ट आजवर कुणालाही धड समजलेली नाही. कुक त्यात हॅरी जोन्स. उशिरा येतो, मोजके प्रसंग. खासगी गुप्तहेर मार्लोचा (बोगार्ट) पाठलाग करतो, मग त्याच्याकडे येऊन सांगतो की ॲग्नेस नावाच्या बाईकडे माहिती आहे, दोनशे डॉलर लागतील. मार्लो त्याची थट्टा करतो. ॲग्नेस तुझ्यासाठी जरा मोठीच आहे, असं काहीसं बोलतो. हॅरी नुसता म्हणतो, ही थट्टा चांगली नाही. आणि मार्लो चक्क वरमतो! बोगार्टला वरमवणं ही काय खाऊची गोष्ट आहे?

नंतर कॅनिनो नावाचा मारेकरी (बॉब स्टील) हॅरीला एका ऑफिसात गाठतो. मार्लो शेजारच्या अंधाऱ्या खोलीतून ऐकतोय. ॲग्नेस कुठे आहे सांग. हॅरी पत्ता देतो. कॅनिनो म्हणतो छान, आता एक पेला घे. हॅरीला कळतं, आपल्यालाही कळतं. तो पितो. मागून मार्लोला उमगतं की दिलेला पत्ता खोटा होता. त्या बाईसाठी, जी त्याला काडीची किंमत देत नाही, हा माणूस विष प्यायला. पूर्ण चित्रपटात ज्याला शौर्य म्हणता येईल अशी हीच एक गोष्ट आहे, आणि ती हिरोच्या वाट्याला नाही आलेली. हिरो भिंतीआड उभा आहे.

विल्मर आणि हॅरी दोघेही 'भेदरलेले' खरे. पण एकाची भीती पिस्तुलामागे लपते आणि दुसऱ्याची सभ्यतेमागे. हा एकच सूर आहे असं म्हणणं म्हणजे मारवा आणि पूरिया सारखेच म्हणण्यासारखं.

आणि विनोदाचं म्हणाल तर त्याच १९४१ मधला 'हेलझापॉपिन' बघा. वेडाचार आहे नुसता. कुक त्यात पटकथालेखक. शेवटी दिग्दर्शक वैतागून त्याला गोळ्या घालतो. हा म्हणतो काळजी नको, स्टुडिओत येताना मी गोळी न लागणारं जाकीट घालूनच येतो. मग ग्लासभर पाणी पितो आणि अंगावरच्या भोकांतून धारा लागतात. स्वतःच्या मरणाची इतकी मोठी चेष्टा!

रातकिडा

मारवा-पूरियावरून आता शंभर प्रतिसाद. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

शब्दफुगा

एक शंका. तो कायम मरतो असं शीर्षक आहे, पण 'फाल्कन'मध्ये कुठे मरतो?

सोनचाफा_७७

नाहीच मरत. उलट हॅमेटच्या कादंबरीत विल्मरच गटमनला मारतो. ह्यूस्टनने ते घेतलं नाही. 'आय वेक अप स्क्रीमिंग'मध्येही जिवंत राहतो. लेखात 'जवळजवळ' आहे, शीर्षकात नाही, एवढं चालायचं.

जुनाट_रीळ

मरण्याचं एक कारण कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, ज्याला हेज कोड म्हणतात, तो कडक लागू झाला आणि १९६८ पर्यंत कागदोपत्री टिकला. त्यातली एक मोठी अट अशी की गुन्हेगाराला गुन्हा पचता कामा नये. प्रत्येक पटकथा आधी त्या कार्यालयातून तपासून घ्यायची. पण नायकाने सोयीनुसार माणसं मारत सुटणंही नको असायचं. मग गुन्हेगारांनीच एकमेकांना संपवायचं ही सोय. टोळीत एक कच्चा गडी ठेवायचा, तो घाबरून बोलणार, फुटणार, मरणार, आणि त्याच्या पडण्याने बाकीचा डोलारा कोसळणार. ही जागा जवळजवळ प्रत्येक गुन्हेपटात तयार व्हायची, आणि ती भरायला कुकइतका खात्रीचा माणूस नव्हता.

'बॉर्न टू किल' (१९४७, रॉबर्ट वाइज) बघितलात तर हे स्वच्छ दिसतं. लॉरेन्स टिअर्नी त्यात शीघ्रकोपी खुनी, कुक त्याचा जिवलग मित्र. मित्र म्हणजे किती, तर त्याचे खून निस्तरणारा, त्याला समजावणारा, जवळपास बायकोच्या मायेने सांभाळणारा. स्वतःही बाईच्या जिवावर उठतो, पण मित्रासाठी. शेवटी टिअर्नी संशयाने त्यालाच वाळूच्या टेकाडांत संपवतो. कोडने फर्मावलेलं मरण आहे ते, पण कुक त्यात मित्राने घात केल्याचं दुःख घालतो. हे पटकथेत नसतं, नट घालतो.

आणि 'फँटम लेडी' (१९४४)! रॉबर्ट सिओडमॅक, जर्मनीहून आलेला. कुक त्यात ऑर्केस्ट्रातला ड्रमर. नायिका एला रेन्स माहिती काढण्यासाठी भडक कपडे घालून त्याला भुलवते. तो तिला एका तळघरात घेऊन जातो जिथे रात्री वादक आपापसात वाजवत बसतात. तिच्याकडे बघत तो ड्रम वाजवायला लागतो, कॅमेरा तिरका, चेहरे जवळून, घाम, ती हसून चिथावते, तो आणखी जोरात. कपडे सगळ्यांच्या अंगावर आहेत, शब्द एकही आक्षेपार्ह नाही, आणि काय चाललंय ते आंधळ्यालाही कळेल. हे कोडच्या नाकाखालून कसं सुटलं देव जाणे. वकीलसाहेबांनी एवढा प्रसंग बघावा आणि मग साच्याचं बोलावं.

कोपऱ्यावरचा_वकील

रात्री बघितला. साच्याचा मुद्दा मागे घेत नाही, पण त्या ड्रमरला भेदरलेला म्हणता येत नाही हे कबूल. लॉरीशी तुलना करायचीच तर 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) घ्या, 'फाल्कन'च्या आदल्या वर्षीचा. कुक त्यात टॅक्सी ड्रायव्हर, न केलेल्या खुनात अडकलेला. कोर्टातून ओढत नेताना "मी नाही केला" म्हणून ओरडतो. खरा खुनी लॉरी. पुढे दिग्गज मंडळी या चित्रपटाला नॉयरचा, म्हणजे काळोख्या गुन्हेपटांच्या प्रकाराचा पहिला नमुना मानू लागली. बघा म्हणजे पहिल्याच घासाला कुक मरणाच्या दारात. हा पुरावा माझ्या बाजूचा की तुमच्या, ठरवा.

सॅनहोजेकर

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडची मराठी मंडळी थंडीत मॅमथला बर्फ खेळायला जातात. लॉस एंजेलिसहून निघालं तर ३९५ नंबरचा रस्ता. डाव्या हाताला सिएरा नेवाडाची भिंत, उजवीकडे कोरडे डोंगर, मध्ये ओवेन्स दरी. लोन पाइन, इंडिपेंडन्स, बिग पाइन, बिशप अशी छोटी गावं लागतात. आपण बिशपला ब्रेड घ्यायला थांबतो आणि पुढे सुटतो. तर हा कुक त्या भागातला रहिवासी. १८ मे १९९५ रोजी बिग पाइनमध्येच गेला, ९१ वर्षांचा होऊन.

ह्यूस्टनने आत्मचरित्रात लिहिलंय की कुक वर डोंगरात एकटा राहायचा, माशांच्या गळासाठी पिसांच्या माश्या बांधायचा आणि गोल्डन ट्राउट पकडायचा. हा मासा मूळचा याच डोंगरांतला, आता कॅलिफोर्नियाचा राज्यमासा आहे. हॉलिवूडला गरज पडली की निरोप्या वर पाठवायचे. हा खाली उतरायचा, काम उरकायचा आणि परत वर.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की बाकीचे नट पार्ट्यांत दिसावं म्हणून धडपडत होते, कारण दिसलं नाही तर विसरतात. याला न दिसताही बोलवायचे. लोन पाइनला वेस्टर्न चित्रपटांचं छान संग्रहालय आहे, मागेच अलाबामा हिल्स, जिथे शेकडो वेस्टर्न चित्रित झाले. पुढच्या खेपेला गाडी तिथे थांबवा, मुलं कुरकुरली तरी.

रातकिडा

म्हणजे वर्क फ्रॉम होमच्या आधीचं 'होममधून बोलावल्याशिवाय वर्क नाही'. आदर्श ठेवावा असा माणूस.

शब्दफुगा

रंगीत चित्रपटांत काही केलं का त्याने? की पन्नासच्या दशकानंतर संपलं?

जुनाट_रीळ

संपलं? विल्यम कॅसलचा 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' (१९५९) त्याच्याच चेहऱ्याने सुरू होतो. काळ्या पडद्यावर नुसतं मुंडकं तरंगतं आणि घरातल्या भुतांबद्दल बजावतं. शेवटचं बोलणंही त्याचंच, भुतं आता माझ्याकडे येताहेत आणि मग तुमच्याकडे येतील म्हणून. पुढे कॅसलने 'रोझमेरीज बेबी' (१९६८) निर्माण केला, दिग्दर्शन रोमन पोलान्स्की. त्यात सुरुवातीला तरुण जोडप्याला ती भयंकर इमारत दाखवणारा गृहस्थ आठवतो? गोड बोलणारा, थोडा लगबगीचा? तोच. कपाट सरकवलेलं आढळतं तेव्हा त्याला वाटणारं आश्चर्य इतकं साधं आहे की आपण पण विचार करत नाही, आणि तिथेच सापळा लागतो.

आणि विम वेंडर्सचा 'हॅमेट' (१९८२). कादंबरीकार हॅमेटलाच नायक करून रचलेली गुन्हेगारी गोष्ट, त्यात कुक टॅक्सीवाला. तोवर 'फाल्कन'मधले ग्रीनस्ट्रीट (१९५४), बोगार्ट (१९५७), लॉरी (१९६४) कधीच गेले होते. नायिका मेरी ॲस्टर आणि ह्यूस्टन दोघेही १९८७ मध्ये गेले. मुख्य मंडळींत शेवटी उरला तो विल्मर, ज्याला सगळ्यांनी मिळून पोलिसांना द्यायचं ठरवलं होतं.

ट्रेकी_ठाणेकर

इतका वेळ वाट बघतोय कुणी 'स्टार ट्रेक' काढेल म्हणून! पहिल्या मालिकेतला 'कोर्ट मार्शल' हा भाग, १९६७. कॅप्टन कर्कवर सहकाऱ्याच्या मृत्यूचा आरोप. पुरावा काय, तर यानाच्या संगणकाची नोंद, आणि संगणक चुकत नाही असं सगळ्यांचं म्हणणं. कर्कचा वकील सॅम्युएल कॉगली म्हणजे आपले कुक. अंतराळयुगात राहून याची खोली कागदी पुस्तकांनी खच्चून भरलेली. कायदा शिकायचा तर पुस्तकांतून, यंत्रातून नाही, असा हट्ट. भर कोर्टात उभा राहून म्हणतो की आरोप करणाऱ्याला समोर आणून प्रश्न विचारायचा हक्क माणसाला आहे, आणि इथे आरोप करणारं यंत्र आहे. शेवटी नोंदीत फेरफार केल्याचं निघतंच.

इथे तो भेदरलेला नाही, मरत नाही, जिंकतो. डोळे तेच मोठाले, पण त्यात धमक. कोपऱ्यावरच्या वकिलांनी निदान व्यवसायबंधू म्हणून तरी याला गुण द्यावेत.

कोपऱ्यावरचा_वकील

दिले. पण आमच्या कोर्टात असं भाषण केलं तर पुढची तारीख मिळते.

नवखी_प्रेक्षक

मी यातलं काहीच बघितलेलं नाही. कुठून सुरुवात करू? आणि वडिलांबरोबर बघता येईल असं सांगा, त्यांना एटीजच्या इंग्रजी मालिका आवडायच्या.

बाल्कनीतला

वडिलांबरोबर असाल तर थेट 'मॅग्नम, पी.आय.' काढा. त्यात कुक 'आइस पिक' नावाचा हवाईतला म्हातारा गुन्हेगारांचा म्होरक्या आहे. अधूनमधून येतो आणि नायक टॉम सेलेकसकट सगळे त्याला दबकून असतात. १९८८ पर्यंत करत होता, म्हणजे चौऱ्याऐंशीव्या वर्षीही. आयुष्यभर ज्यांच्या हातून मेला तशी माणसं आता याच्यासमोर उभी राहताना चाचरतात. मग वडील विचारतील हा कोण, तेव्हा 'शेन' लावा, तो रंगीत आहे आणि सगळ्यांना झेपतो. 'फाल्कन' तिसरा. 'द बिग स्लीप' सगळ्यात शेवटी ठेवा आणि गोष्ट समजून घ्यायच्या फंदात पडू नका, हॅरी जोन्स येईपर्यंत बोगार्ट आणि नायिका लॉरेन बकॉलची जुगलबंदी ऐका.

सोनचाफा_७७

'द किलिंग' यादीतून गाळल्याबद्दल निषेध. वडील झोपल्यावर बघा.